सतरा नंबरचा ट्रे

बोगादी, म्हैसूर
४ फेब्रुवारी २००९

ती. गुरुराजदादास,
तुंगाचा नमस्कार.

आत्या गेली. बावीस जानेवारीला, गुरुवारी, सकाळी दहा वाजता. काल तेरावा झाला. अग्नी मी दिला, दुसरं कोण देणार होतं.

कळवायला तेरा दिवस लावले म्हणून रागावणार असशील तर आधी स्वतःकडं बघ. दोन वर्षांत मी तुला पाच पत्रं घातली. आत्या अंथरुणावर आहे, तुझं नाव काढते, एकदा येऊन जा. पाचांतल्या एकालाही तुझी ओळ नाही. बैलकुप्पे काही समुद्रापलीकडं नाही. सकाळच्या बसला बसलास तर जेवायच्या वेळेला माझ्या दारात उतरशील. तिबेटी भिक्षूंची वस्त्रं शिवण्यात एवढा गुंतला होतास का? तुला आणि मला आईबाप गेल्यावर हिनंच पोटाशी धरलं. तू आठ वर्षांचा होतास, मी चार. मला काही आठवत नाही, पण तुला आठवत असणार.

शेवटचा आठवडा ती माणसं ओळखत नव्हती. डॉक्टरला ‘सार’ म्हणायची आणि मला कुणी नवी शिकाऊ मुलगी समजून हात धुतलेस का विचारायची. पण जेवण झालं की रोज एकच प्रश्न. “गुरू बंद्ना? आला का गं तो?” मी म्हणायची, येतो म्हणालाय. मग झोपायची.

आता कामाचं. आमच्या रेशीम खात्यात कमलाक्षी म्हणून एक बाई आहे, आत्याच्या हाताखाली शिकलेली, आता मोठी अधिकारी. तू गेल्यानंतर ती आली, तुला ओळखणार नाही. तिनं वरती खटपट करून आमच्या रेशीम-अंड्यांच्या ग्रेनेजच्या प्रशिक्षण केंद्रातल्या सभागृहाला आत्याचं नाव द्यायचं मंजूर करून घेतलंय. सत्तावीस मार्चला, शुक्रवारी, समारंभ आहे. एक पुस्तिकाही काढणार आहेत आणि आत्याचं चरित्र मी लिहून द्यायचं आहे. घरचं माणूस म्हणून तू पुढच्या खुर्चीवर बसावंस असं मला वाटतं. एक्केचाळीस वर्षं पुरे झाली.

तुझी,
तुंगा

बोगादी
२० फेब्रुवारी २००९

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. आत्याचं वाईट वाटलं, समारंभाला येणार नाही, आणि ‘तुझं एकही पत्र मला मिळालेलं नाही. इथला पोस्टमन माझ्याकडंच कपडे शिवतो, त्याला विचारलं.’ एवढंच. अक्षर अजून तसंच आहे, एकेक अक्षर सुटं.

पोस्टाचाच घोळ असणार. बोगादी आता पूर्वीची राहिली नाही, घरांना नंबर आहेत पण ते ओळीनं नाहीत, पोस्टमन रोज नवा. ते असो.

चरित्र लिहायला बसले आहे. माझं लिहिणं म्हणजे निम्मं कन्नड, कमलाक्षी ते पुरतं कन्नड करून घेणार आहे. तुला थोडक्यात सांगते, काही चुकलं असेल तर कळव.

जन्म १९१९, इथंच. आजोबा विठ्ठलराव राजवाड्याच्या बँडवाल्यांचे कोट शिवत. तेराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी नवरा गेला. आजोबांनी तिला मशीनवर बसवायचं सोडून शाळेत बसवलं, म्हणून आपल्या समाजाच्या देवळात भजनाला त्यांच्या शेजारी कुणी बसेना. आजोबा म्हणाले, बरं झालं, मांडी मोकळी घालता येते. तिनं प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि अठ्ठेचाळीस साली खात्यात लागली. रेशमाच्या किड्यांची अंडी तपासायला मायक्रोस्कोपसमोर बसलेली आपल्या भागातली पहिली बाई. पुरुष तिच्या बाकावर बसेनात, म्हणून तिचं टेबल सामानाच्या खोलीत, फिनेलच्या डब्यांत. बाईला जायला मोरी नव्हती. समोरच्या घरातल्या म्हातारीला विचारून ती तिच्याकडं जायची, आणि ती म्हातारी मेली त्या दिवशी आत्यानं अर्धी रजा टाकली.

खरी लढाई वेगळीच होती, ती मी लिहायची म्हणून लिहिली. तुला माहीत आहे, अळ्या वाढवायच्या खोलीत बाईनं महिन्यातल्या त्या चार दिवसांत पाऊल टाकायचं नाही. सावली पडली तरी अळ्या कुजतात. खेड्यांत अजून पाळतात. ग्रेनेजच्या साहेबांनी आत्याला लेखी सांगितलं, दर महिन्याला चार दिवस घरी बसा, पगार कापणार नाही. आत्या म्हणाली, “सार, रजा बेडा, नको. त्या चार दिवसांत मी पास केलेली अंडी वेगळ्या वहीत लिहा, आणि गावात जाऊन पीक बघा.” दोन वर्षं तशी वही ठेवली. म्हणजे बाईची अडचण कधी आली, कधी गेली, हे सगळ्या ऑफिसनं दोन वर्षं वाचलं. कुणी बाई असं करेल? फरक काडीचा निघाला नाही. ती अट निघाली. एकसष्ट साली ती ग्रेनेजची मुख्य झाली आणि सहासष्टला खात्यानं पहिल्या सहा मुली घेतल्या. त्यांत मी. तू आधीपासून होतासच. आज तिथं दीडशेच्या वर मुली मायक्रोस्कोपला बसतात, चारही दिवस.

इथवर कमलाक्षीला फार आवडलं. मग तिनं स्वतःचा एक परिच्छेद घातला. तो तुला वाचायला मिळायला हवा, म्हणून जसाच्या तसा उतरवते.

‘१९६८ साली एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणानं रोगी अंडी बाहेर गेली आणि एकोणीस कुटुंबांचं पीक मेलं. तो कर्मचारी, गुरुराज सुलाखे, हा जयलक्ष्मीबाईंचा सख्खा भाचा, त्यांनीच वाढवलेला. बाईंनी चौकशीच्या अहवालात स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिहिलं आणि त्याला काढून टाकण्याची शिफारस केली. नात्यापेक्षा काम मोठं, हा त्यांचा वसा.’

दादा, ही गोष्ट खात्यात प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगतात. आमच्याकडं तू प्रसिद्ध आहेस. मीही ती ऐकली आहे, शिकवणाऱ्यांच्या रांगेत बसून, दरवर्षी.

मी कमलाक्षीला म्हटलं, नाव कशाला घालायचं? ती म्हणाली, “अक्का, नावाशिवाय त्यात जीव नाही.” तुझी हरकत असेल तर दोन ओळी लिहून पाठव. तू हरकत घेतलीस तर मी ते काढायला लावीन.

तुंगा

बोगादी
५ मार्च २००९

दादा,

तुझं कार्ड आलं. ‘हरकत नाही. जे झालं ते छापू दे. चूक माझीच होती, मी ती कधी नाकारली नाही.’

हे कार्ड मी चार दिवस देव्हाऱ्यात ठेवलं, मग स्वयंपाकघरात, मग उशीखाली. कुठंही ठेवलं तरी ते वाचता येतंच.

मला वाटलं होतं तू चिडशील. चार शिव्या लिहिशील, माझं नाव छापलं तर कोर्टात जाईन म्हणशील, आणि मी ते कार्ड कमलाक्षीसमोर टाकून परिच्छेद काढून टाकीन. मला काही बोलावं लागणार नाही. तू मात्र नेहमीसारखा सरळ. लहानपणीही खापर फुटलं की कुणी विचारायच्या आत तू उभा राहायचास, आणि मी तुझ्या मागं.

चाळीस वर्षं तू कात्री धरलीस, म्हणून ते काम परत मांडते. मलाही मांडूनच सांगता येईल.

एका मोठ्या कागदावर पन्नास माद्या अंडी घालतात, ओळीनं. अंडी घालून झाली की त्या माद्या त्याच ओळीनं पन्नास खणांच्या ट्रेत ठेवायच्या. मग टेबलावर ट्रे आणि कागद शेजारी लावायचे, एकेक मादी खलात कुटायची, तिचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. चकाकणारे लांबट कण दिसले की ती मादी रोगी. ट्रेत तिचा जो नंबर, त्या नंबराची अंडी कागदावरून कापायची आणि जाळायची. उरलेली गावात जातात. ट्रे उलटा फिरला तर तीन नंबर जाऊन अठ्ठेचाळीस होतो. चांगली अंडी जळतात आणि रोगी अंडी शेतकऱ्याच्या घरात वाढतात. म्हणून प्रत्येक ट्रेच्या एका कोपऱ्याला लाल ठिपका असायचा, तो वरती डाव्या हाताला आला पाहिजे. दर हंगामाआधी ट्रे औषधात धुतले की ठिपका पुसट व्हायचा. तो परत रंगवायचं काम तुझं.

त्या दिवशी सतरा नंबरच्या ट्रेशी मी होते. चौकशीत सगळ्यांसमोर मी सांगितलं, ट्रेवर ठिपका नव्हता, मी अंदाजानं लावला. चौकशीला आलेल्या साहेबांनी ट्रे मागवला. ठिपका नव्हता. साहेबांनी तुला विचारलं, रंगवला होतास का? तू ट्रेकडं बघितलंस आणि म्हणालास, “आठवत नाही. नसेल रंगवला.”

दादा, ठिपका होता. तू रंगवला होतास. चांगला मुगाएवढा, लाल. मी बघितला होता.

त्या दिवशी मी त्या दिवसांत होते. मला किती त्रास व्हायचा ते तुला कुठून माहीत असणार, आपल्या घरात हे बोललं जात नव्हतं. सकाळपासून पोटात कळा येत होत्या. दोनदा बाहेर जाऊन ओकून आले. परत आल्यावर ट्रे उचलून बाजूला केला आणि पुन्हा ठेवला तो उलटा ठेवला. डोळ्यांसमोर ठिपका खाली उजव्या हाताला होता आणि मला तो दिसूनही कळलं नाही. मी तशीच पन्नास माद्या कुटल्या.

त्या अंड्यांच्या अळ्या गावात पहिले दहा दिवस एका घरी एकत्र वाढवल्या होत्या, म्हणून एकोणीस घरं गेली. पुढचं तुला माहीत आहे. बायका टोपल्या घेऊन आल्या. काळ्या पडलेल्या, सुटलेल्या अळ्या. ग्रेनेजच्या अंगणात त्यांनी त्या तुझ्या डोक्यावर ओतल्या आणि तू हात जोडून उभा राहिलास. मी खिडकीत होते. त्यांना तो वास येत नव्हता, इतक्या त्या रडत होत्या.

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं जे समोर दिसलं त्यावर सही केली. तिला दोष देऊ नको.

तुंगा

बोगादी
१५ मार्च २००९

दादा,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. पाकिटात. आत दोनच प्रश्न. ‘ठिपका होता तर चौकशीला ट्रे आणला तेव्हा तो कुठं गेला? आत्यानं तो ट्रे हातात घेऊन उजेडात धरला होता, मला आठवतं. तिला खरंच कळलं नाही?’

मी दहा दिवस म्हणत होते, तू हे विचारू नयेस. शिंप्याला कापडावरची पुसलेली खूण दिसते, हे मी विसरले.

ठिपका मी काढला. गावातून बातमी आली त्या दुपारी, सगळे अंगणात जमले होते तेव्हा. सामानाच्या खोलीत जाऊन सतरा नंबर काढला आणि नखानं खरवडला. चांगला बसला होता रंग, सहज निघाला नाही. मग ओल्या फडक्यानं पुसला. त्या वेळी तुझं नाव माझ्या मनात नव्हतं, असं लिहायचं होतं मला. होतं. ठिपका गेला की कुणाचं नाव येणार, ते मला ट्रे हातात घेतानाच माहीत होतं.

चौकशीच्या सकाळी आत्यानं ट्रे आधी एकटीनं बघितला. मग मला आत बोलावलं. म्हणाली, “तुंगे, नख दाखव.”

मी हात पुढं केला. तिनं माझी पाचही नखं बघितली, आपल्या कामाच्या पद्धतीनं, एकेक. अंगठ्याच्या कडेला लाल होतं. दोन दिवस मी नख घासत होते तरी राहिलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग कॅलेंडरकडं बघितलं. आमच्या सहाजणींच्या तारखा ती अजून लिहून ठेवायची, कुणी आडवं आलं तर तोंडावर फेकायला. ट्रे लावला त्या दिवसाशी माझी तारीख तिनं ताडून बघितली.

ती खुर्चीत बसली. मला म्हणाली, “हे बाहेर गेलं तर काय म्हणतील, गोत्ता, माहीत आहे? बाई शिवली म्हणून पीक मेलं म्हणतील. तू ट्रे उलटा ठेवलास ते कुणी ऐकणार नाही. माझी ती दोन वर्षांची वही जाळतील. उद्यापासून एक बाई आत येणार नाही.” ती विचार करत होती आणि दादा, माझी खात्री आहे, ती स्वतःचं नाव लिहायला निघाली होती. मुख्य म्हणून जबाबदारी माझी, असं काहीतरी. तिनं कागद ओढलासुद्धा.

मी तिचे पाय धरले. मी म्हटलं, “आत्या, तू गेलीस तर आम्ही सहाजणी जातो. दादा पुरुष आहे, कुठंही पोट भरेल. आजोबांची मशीन आहेच.” हे शब्द माझे. बावीस वर्षांची होते, पण शब्द माझे.

आत्या म्हणाली, “हात धुऊन ये.” एवढंच. मी हात धुऊन आले तोवर तिनं तुझं नाव लिहिलं होतं.

पुढं तिनं कधी मला त्यावरून बोल लावला नाही आणि कधी माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही. माझं लग्न लावलं, नवरा, शेषगिरी, वारल्यावर बोगादीच्या या घरात माझ्यासोबत राहायला आली, माझ्या हातचं जेवली. सदतीस वर्षांच्या नोकरीत मला तिनं एकदाही शाबास म्हटलं नाही. दुसऱ्या मुलींना म्हणायची. मी पदोन्नती घेत गेले. प्रत्येक वेळी पेढे नेऊन तिच्या हातात दिले, तिनं ते शेजारी दिले.

आणि पाच पत्रं. पोस्टाचा काही घोळ नव्हता. आत्या सांगायची, मी तिच्यासमोर लिहायची, ती खाली सही करायची. ‘गुरू, ये. तुला सांगायचं आहे.’ पाचही पत्रांत हेच. मी ती पेटीत टाकते म्हणून बाहेर पडायची आणि परत घेऊन यायची. तू आला असतास तर तिनं तुला सांगितलं असतं. माझ्यासमोर, माझ्या घरात. म्हणून नाही टाकली. ती पाच महिने, सहा महिने वाट बघायची, मग म्हणायची परत लिही. मी सांगायची, त्याचा राग गेला नाही अजून. ती मान हलवायची. म्हणायची, “त्याचं बरोबर आहे.”

त्र्याऐंशी साली मी एकदा बैलकुप्प्याला आले होते, तुला आठवत असेल. तू मान वर केली नाहीस. तेव्हा मला वाटलं, रागावलाय. आता कळतं, तुला लाज वाटत होती. तू लालसर कापड पसरून त्याच्या चारही कोपऱ्यांवर खडूनं खुणा करत होतास. मी विचारलं, एक खूण पुरत नाही का? तू म्हणालास, “मला नाही पुरत.” तू लग्नही पुन्हा काही चुकेल याच भीतीनं केलं नाहीस का? हे मी विचारायला नको, पण आता काय विचारायला नको ते मला कळेनासं झालंय.

पुस्तिका अजून छापायला गेली नाही. मी खरं सांगितलं तर तुझं नाव स्वच्छ होईल आणि आत्याचं जाईल. नाही सांगितलं तर तू कायमचा छापला जाशील. तिनं केलेलं सगळं खरं आहे दादा, ती वही खरी आहे, त्या दीडशे मुली खऱ्या आहेत. तूच ठरव. तुझा अधिकार आहे. तू म्हणशील तसं मी करीन.

तुंगा

बोगादी
२८ मार्च २००९

दादा,

तुझं उत्तर मंगळवारी मिळालं. ‘मी ठरवणार नाही. तेव्हाही माझं तुम्ही दोघींनी ठरवलं. आता तुझं तू ठरव. आत्यानं पाच वेळा बोलावलं, हे तू मला तिच्या तेराव्यानंतर सांगतेस.’

मी ते घेऊन तशीच कमलाक्षीच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. मग म्हणाली, “अक्का, ईग बेडा. आता नको. पुस्तिका काल छापून आल्या. मॅडम गेल्या, तुमचे अण्णा सत्तरीला आले, कुणाला काय मिळणार आहे? खेड्यांतनं अजून मुलींना त्या दिवसांत गोठ्यात बसवतात. त्यांना हे मिळालं तर ते काय करतील, तुम्हाला माहीत आहे.” ती वाईट बाई नाही. तिनं माझे हात धरले आणि मला आत्याचीच आठवण झाली. मी म्हटलं, बरं.

काल सभागृह भरलं होतं. मुली पांढऱ्या कोटांत आल्या होत्या. भिंतीवर आत्याच्या नावाची पाटी, वर मखमली पडदा, दोरी पाहुण्यांच्या हातात. कमलाक्षी बोलली, फार सुंदर बोलली. मग तिनं ती गोष्ट सांगितली. तुझं नाव घेतलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मी तीस वर्षं ऐकल्या आहेत आणि स्वतः वाजवल्याही आहेत. काल हात उचलेनात.

माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी कागद न काढता बोलले. कन्नडमध्ये, हळू, म्हणजे मागच्यांना कळावं. सतरा नंबरचा ट्रे मी उलटा ठेवला. त्याच्यावर ठिपका होता, तो मी नखानं काढला. माझ्या भावानं काही चुकवलं नव्हतं. मॅडमना ते कळलं होतं आणि त्यांनी माझ्या सांगण्यावरून त्याचं नाव लिहिलं, कारण मी त्या दिवसांत होते आणि त्यांना तुमची काळजी होती. तुम्ही तेव्हा जन्मल्याही नव्हतात. हेही म्हटलं की मॅडमची वही खोटी नाही, चूक माझ्या हाताची आहे, अंगाची नाही. हे वाक्य कुणी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. तोवर कुजबूज सुरू झाली होती.

पाहुण्यांनी दोरी ओढली नाही. कुणीतरी चहा आणा म्हणालं. पुस्तिकांचे गठ्ठे परत खोक्यांत गेले. पडदा अजून तसाच आहे, आणि पाटी उतरवणार असं आज ऐकलं. तुझं नाव मी एक्केचाळीस वर्षं खाल्लं आणि काल पाच मिनिटांत आत्याचं. माझं मात्र कुठंच काही गेलं नाही. पेन्शन चालू आहे. कुणी एक शब्द बोललं नाही मला, वाट तेवढी मोकळी करून दिली.

एक मुलगी दारापर्यंत मागं आली. वरलक्ष्मी नाव, अठरा-एकोणीसची असेल. म्हणाली, “मेडम, तुम्ही त्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर आम्ही आज इथं असतो का?” तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, माझी आई म्हणते नसतो. आणि रडायला लागली. मला तिला जवळही घेता आलं नाही.

आज सकाळी कमलाक्षीचा फोन आला. मला वाटलं आता झाडणार. ती म्हणाली, “अक्का, काल एक म्हातारे गृहस्थ दाराबाहेर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. तुमचं बोलणं त्यांनी पुरं ऐकलं. मी बाहेर आले तेव्हा मला मराठी येतं का विचारलं, मग कन्नडमध्ये बोलले. मॅडमच्या अस्थी कुठं सोडल्या, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पश्चिमवाहिनीला, नदीत. श्रीरंगपट्टणची बस कुठून मिळते, ते विचारून चालू लागले. तुम्हाला बोलावू का म्हटलं, तर नको म्हणाले.”

सभागृहापासून माझं घर रिक्षानं पंधरा मिनिटं. श्रीरंगपट्टणला जायला उन्हात बस धरायची, पुढं नदीपर्यंत चालायचं, आणि तुझे गुडघे दुखतात हे मला तुझ्या अक्षरावरून नाही, तुझ्या वयावरून कळतं. तू तिकडं गेलास.

दिवसभर मी विचार करते आहे, पाण्यात पाय घालून तू तिला काय म्हणाला असशील. मला ते कळणार नाही आणि विचारायचा मला हक्क नाही. मी तुला ये म्हणूनही लिहीत नाही. दादा, दोन वर्षं या घरात तुझी वाट आत्या बघत होती, मी बघत नव्हते. मी तू येऊ नयेस म्हणून धडपडत होते. जिनं वाट बघितली, तिच्याकडं तू गेलास.

तुंगा